केशरी ठिपका

बंदुकीवरची नवी दुर्बीण डेल्मर तिसऱ्यांदा बदलून मागत होता.

"हिच्याही काचेत तोच केशरी ठिपका आहे," तो म्हणाला.

दुकान नुकतंच चालवायला घेतलेल्या मार्लिसनं ती खिडकीकडे धरून बघितली. "काच तर लख्ख आहे. बंदूक फिरवलीस की ठिपका सोबत सरकतो का?"

"नाही. ओढ्याकाठच्या ओकच्या झाडाखालीच राहतो."

"अरे, मग तो काचेत नाहीच! हरणांचा हंगाम लागलाय, बसला असेल कुणी शिकारी. हरीण समजून गोळी घालू नये म्हणूनच तर केशरी जाकीट घालायला लावतात सगळ्यांना."

"जाऊन बघितलं. तिथं कुणी नसतं."

"मग एकदा तुझी जुनी दुर्बीण लावून बघ की."

"ती गेल्या वर्षीपासून शेरीफच्या ठाण्यात जमा आहे, बंदुकीसकट." डेल्मरनं काउंटरवरची दुर्बीण हळूच पालथी घातली. "माझा भाऊ त्याच ओकखाली बसला होता, केशरी जाकीट घालून. तेव्हा मात्र मला ठिपका दिसला नाही."