बावीस नंबर

अंगातला टेनेसीच्या टीमचा नारिंगी शर्ट दिसू नये म्हणून व्हर्नाने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. टेनेसीहून ती अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला आली होती खरी, पण तिकीट मिळालं ते नेमकं समोरच्या टीमच्या, मिसिसिपीवाल्यांच्या गर्दीत. शेजारची म्हातारी तिला उकडलेल्या शेंगा देत होती आणि मधूनच, मिसिसिपीवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे, गायीच्या गळ्यातली घंटा बडवत बोंबलत होती, "ए बावीस नंबर! घरी जा, आई वाट बघतेय!"

बावीस नंबर म्हणजे व्हर्नाचा लेक कोल्बी. देवा, एकदा गप्प कर रे यांना, ती मनात म्हणत होती.

तेवढ्यात तिघांनी मिळून कोल्बीला आडवं केलं आणि तो उठलाच नाही. अख्खं स्टेडियम गप्प झालं. कुणाला लागलं की बसतात तसे दोन्हीकडचे खेळाडू गुडघ्यावर बसले. व्हर्ना कोटाची बटणं ओढत उभी राहिली.

म्हातारीला उघड्या कोटातून नारिंगी शर्ट दिसला. तिने घंटा पायाशी ठेवून व्हर्नाचा हात धरला. "तुझा का गं, पोरी?"

व्हर्नाने मान डोलावली.

त्याचा श्वास कोंडला होता, एवढंच. कोल्बी उठला, टाळ्या झाल्या, थोड्या वेळाने तो परत मैदानात धावला. म्हातारी मात्र गप्पच.

व्हर्नाने वाकून घंटा उचलली आणि तिच्या हातात दिली.

"ओरडा हो मावशी. घसा बसेस्तोवर ओरडा."