गाळ्यांची वास्तुशांत

"गोजरे, गाईवर हात ठेव अन् बोल, ही पुन्हा या जाग्यात पाय टाकनार नाही!" कोंडवाड्याच्या दारात सरपंच जानराव सगळ्यांदेखत गरजले होते.

जागा गायरानाची. पंचायतीनं सरकारी कर्ज काढून तिथं दुकानांचे गाळे उठवले. भाडं येईल अन् गावाचं सोनं होईल म्हणे. गोजराबाईची गाय कपिला बिचारी सवयीनं आपल्या गवताकडं गेली, तर तिलाच कोंडलं! गोजराबाई संतापली. पण सोमवारचा उपास. तोंडाशी आलेली शिवी गिळून तिनं दंड भरला, वचनही दिलं.

शुक्रवारी गाळ्यांची वास्तुशांत. जऊळका स्टेशनावर रेल्वेतून उतरून मोठे साहेब येऊन बसले. भटजी म्हणाले, "आधी गाय आत जाऊ द्या." गायरान गेल्यानं गावची गुरं कोसभर लांब चरायला गेलेली, दावणीला होती एकटी कपिला. जानराव स्वतः हार घेऊन धावत आले.

"मावशी, चाला लवकर! सायेब खोळंबून राह्यले."

"गाईवर हात ठेवून बोलली हाये जी मी," गोजराबाई हळूच म्हणाली.

 

मग तिनं तो हार कपिलेच्या गळ्यात घातला, दावं सोडलं आणि गाळ्यांकडं पाठ करून नदीची वाट धरली.