वाघरीच्या आतून

१९९६ साल होतं. आटपाडीच्या माळावर आमची मेंढरं बसली होती आणि रोज पहाटे एक कोकरू नाहीसं होत होतं.

लांडग्यांचा अभ्यास करणारे सुमंत सांगलीहून आले. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा त्यांनी आणला होता.

"सायेब, हितं नगं," माझे मालक अर्जुना त्यांना म्हणाले. "लांडगा वढ्याच्या वाटंनं येतुया. गुडघ्याइतका खाली बांधा, अन् पहाटंचाच चालू ठेवा."

तसाच तो बाभळीला बांधला. मेंढरं कोंडायची आमची दोरीची जाळी, म्हणजे वाघर, तिथून मैलभर लांब होती.

त्या आठवड्यात मी म्हसवडला माहेरी होते. परतले त्याच दिवशी सुमंत फोटो घेऊन आले.

ओढा एकाही फोटोत नव्हता. सगळे फोटो वाघरीच्या आतून काढलेले होते. मेंढरं बाहेर उभी राहून आत बघत होती. जाळी घट्ट धरलेला एक हात दिसत होता आणि मनगटावर माझंच गोंदण होतं.

"तू माहेरी व्हतीस न्हवं?" मालकांनी विचारलं.

"व्हते की."

शेवटच्या फोटोत मालक स्वतः वाघरीला बाहेरून गाठ मारत होते.

कोकरं जायची थांबली. सुमंत पुन्हा आले नाहीत. मालकांनी मेंढरं विकली आणि मरेपर्यंत माझ्याकडे सरळ बघितलं नाही. मी आता सांगलीत लेकीकडे, मंगलकडे, असते.

"आई, जरा बाहेर चल की," ती म्हणते.

मी उठते. दार उघडंच असतं. पण उंबऱ्याशी गेले की बोटांना दोरी लागते.