पहिला जाळ

सदाशिव चिंचवडच्या कारखान्यात मोटारींच्या सायलेन्सरना रुपेरी रंग देऊन भट्टीत भाजायचा. नव्या खोलीत बिऱ्हाड मांडलं तेव्हा साहेबांना विचारून त्यानं उरलासुरला रंग आणला आणि बायकोची, पद्माची लोखंडी शेगडी सायलेन्सरसारखी चकचकीत केली. "आधी दोनदा रिकामीच तापव. रंग भाजला की मग पक्का होतो," एवढं बजावून तो शिफ्टला गेला.

त्याच्या आईला ते कुठलं पटायला? "नव्या घरात पहिला जाळ रिकामा पेटवत्यात व्हय?" म्हणत तिनं दूध ठेवलं आणि शकुनाचं म्हणून मुद्दाम उतू जाऊ दिलं. कच्च्या रंगावरून ओघळ उतरला, अन् रंगाबरोबर तोही भाजून पक्का झाला.

"आई, रंगाचं पार वाटोळं केलंस," शिफ्टवरून आल्यावर सदाशिव म्हणाला.

"रंगाचं काय घिऊन बसलास, लेकरा? घर भरलं तुझं."

आता घर भरलेलं होतं, आई नव्हती. दिवाळीच्या तोंडावर शेगडीला रंगाचा नवा हात द्यायला सदाशिव पॉलिश पेपर घेऊन बसला. पद्मा दारातून बघत राहिली. सगळी शेगडी घासून झाली, तो तपकिरी ओघळ तेवढा तसाच.

"ह्यो डाग काय निघंना," मान वर न करता तो म्हणाला. गंजका पत्रा आरशासारखा करणारा हात त्याचा; पण पेपर ओघळाला टेकलाही नव्हता.

"न्हाईच निघायचा," पद्मा म्हणाली. "मी राखेनं किती घासलाय."

इतक्या वर्षांत तिनंही त्यावरून राखेचं बोट फिरवलं नव्हतं.