डाव्या चपलेची टाच

"स्वतःच्या पायानं चालत आली तरच नाव घालू," हेडमास्तर म्हणाले. शाळा जूनमध्ये सुरू होणार होती आणि पोलिओच्या बुटासाठी दवाखान्यानं दिवाळीनंतरची तारीख दिली होती. म्हणून लेकीला, बेबीनंदाला, कडेवर घेऊन मी मस्तगड भागात, जोडे शिवणाऱ्या पुंजारामदादांकडे गेले.

"माप नंतर, बाई. आधी पोरीची जुनी चप्पल दाखवा. तिच्यावरून चाल समजती."

"तिला चप्पल कधी लागलीच नाही, दादा."

"मंग तुमची द्या."

त्यांनी माझ्या चपला उलट्या केल्या. डावी टाच पार झिजून गेली होती.

"पाच वर्षं डाव्याच कडेवर घेऊन राह्यलात."

बी.ए. झालेली मी, रोज पोरीचे पाय निरखायची. स्वतःच्या पायाखाली कधी पाहिलंच नव्हतं.

आठ दिवसांनी दादांनी शिवलेला उंच टाचेचा बूट घालून बेबीनंदा उभी राहिली, माझा पदर सोडून दुकानाच्या दारापर्यंत गेली. माझे हात आपोआप पुढे झाले.

"ऱ्हाऊ द्या बाई. जाऊ द्या तिची तिला."

घरापर्यंत ती माझ्या पुढे बूट वाजवत चालली. मागून मी, कडेवर कुणी नसताना, डावी कंबर अजून तशीच बाहेर काढून.