वाचले, समजले

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये नोकरीला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. नियमांचं जाडजूड पुस्तक वाचून शेवटच्या पानावर 'वाचले, समजले' अशी सही केल्याशिवाय विमानाला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक होता. त्या पानावर आधीच चाळीस जणांच्या सह्या होत्या. सगळ्यात वर मोठ्या साहेबांची, ठसठशीत.

"अगं, वाचत काय बसलीस? ठोक सही आणि चल, चाकं उतरवायचीत," सगळे ज्यांना काका म्हणत ते जुने मेकॅनिक म्हणाले.

पण ही पडली शिस्तीची. चार दिवस डोळ्यांत तेल घालून तिने ओळ न् ओळ वाचली आणि ब्रेक तपासणीच्या प्रकरणापाशी येऊन थबकली. त्या प्रकरणाची चौदा पानं चक्क कोरी होती. छापायचीच राहून गेली होती.

पुस्तक घेऊन ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, ब्रेकचे नियमच इथे छापलेले नाहीत. मी सही कशी करू?"

साहेबांनी चष्मा लावला. पानं उलटीसुलटी करून पाहिली, एक तर खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग पुस्तक मिटून त्यांनी तिच्याकडे असं काही कीव आल्यासारखं पाहिलं, की तिलाच अपराध्यासारखं झालं.



"अहो मॅडम, जे चाळीस जणांना समजलं, ते तुम्हाला एकटीलाच कसं समजत नाही?"