एफ-आठवरचं वाक्य

पडद्यावर अक्षरांऐवजी पुन्हा चौकोनच आले.

मुरलीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "फाँट घातला, भाषा घातली, तरी हा एडिटर ऐकत नाही, अक्का."

"आज होईल ना?" हरिप्रियाने विचारलं. "उद्या पहाटेच त्रिचीला निघायचंय. सकाळीच ऑपरेशन आहे."

"त्याशिवाय मी जातो का?"

तंजावूरच्या मेल वीधी या रस्त्यावरच्या या घरात मुरली लहानपणी गाणं शिकायला यायचा. तेव्हा हरिप्रियाची आई, अलमेलुबाई, शिकवायच्या. आता हरिप्रिया शिकवते, आणि मुरली पापनाशमला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काल तिचा फोन आला. घशात गाठ निघालीय, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. एकेका बटणावर एकेक वाक्य बसवून दे, बटण दाबलं की मशीनने ते म्हणायला हवं.

अलमेलुबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर कधीच गेली होती. मुरली आल्या आल्या पाया पडला, तेव्हा त्यांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी "जेवलास का रे?" विचारल्याशिवाय त्या त्याला बसू देत नसत.

मुरलीने घाईघाईने लॅपटॉप उघडला होता.

*एफ १ : पाणी हवं.*

बटण दाबलं, तर एडिटरची मदतीची खिडकी उघडली.

"अय्यो, पाणी मागितलं की हा पुस्तक वाचायला देतोय," मुरली म्हणाला.

हरिप्रिया हसली. हसता हसता खोकली आणि फ्लास्कमधलं गरम पाणी प्यायली. मार्गळी महिन्यात शिकवण्या फार होतात, त्यात तिरुवैयारुच्या संगीत उत्सवाची तयारी. दरवर्षी तिचा घसा असाच बसायचा.

मुरलीने एफ-वनचं जुनं काम काढून टाकलं. मग वाक्य तमिळ अक्षरांत टाइप केलं. तंजावूरच्या बाकी मराठी घरांसारखा घरी तो मराठीच बोलायचा, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती.

मशीनने ते वाक्य एखाद्या तमिळ कंडक्टरने ओरडावं तसं म्हटलं. खिडकीशी अलमेलुबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"देवनागरीतच हवं, मुरली. नाहीतर आईला कुणी परकंच बोलतंय असं वाटेल."

"मग टाइप तुम्हीच करायचं. मी फक्त बटणं जोडणार."

गाण्यांच्या पुस्तकांमुळे तिला देवनागरी येत होती. ती एकेक अक्षर शोधून टाइप करू लागली. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तर चौकोन गेले आणि सगळी प्रश्नचिन्हं आली. मुरलीने कपाळावर हात मारला. फाइल जुन्याच पद्धतीने सेव्ह होत होती. त्याने युनिकोड निवडलं, तिने सगळं पुन्हा टाइप केलं.

या वेळी अक्षरं टिकली. मशीनमधून पुण्याच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज आला. "पाणी हवं."

"बघा, अम्मा!" मुरली खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हणाला. "आता पुण्याच्या झालात तुम्ही."

अलमेलुबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"ओरडू नको," हरिप्रिया हळूच म्हणाली. "तिला ऐकू येतं. आठवडाभर ती कुणाशी बोलत नाहीये, एवढंच."

त्याला स्वतःची लाज वाटली. बोलणार कशा?

*एफ २ : दुखतंय.*

*एफ ३ : जेवलीस का?*

*एफ ४ : गोळी घेतलीस का?*

चौथं वाक्य ऐकून मुरलीचा हात थांबला. स्वतः एवढ्या आजारात, आणि बटण कशासाठी, तर मुलीने गोळी घेतली का विचारायला. आया अशाच.

"पाचवर काय?"

"पुन्हा म्हण. वरचा षड्ज नीट लाव."

"शिकवणार? या अवस्थेत?"

"मुलं येतील ना," हरिप्रिया म्हणाली. "त्यांना काय सांगायचं?"

मुरली बटणं मोजू लागला. मग त्याला एक सुचलं. "अक्का, टिकली आहे? चिकटवायची? बटणावर लावू. बोटाला पहिली लागली की एफ-वन, दुसरी लागली की एफ-आठ. मधली मोजता येतील. डोळ्यांची गरज नाही."

हरिप्रियाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग उठली आणि टिकल्यांचं पाकीट आणून दिलं.

सहा आणि सातवरची वाक्यं बसवून त्याने दोन टिकल्या लावल्या. "एफ-आठ रिकामं आहे की."

"तिथलं मी लिहिते."

तिने बराच वेळ घेतला. दोनदा खोडलं. शेवटी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि रिकामा फ्लास्क घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पडद्यावरच्या ओळी मुरलीला वाचता येत नव्हत्या. त्याने त्या बटणाला जोडल्या.

मग लॅपटॉप उचलून तो अलमेलुबाईंपाशी गेला, जमिनीवर बसला आणि त्यांचं बोट अलगद एफ-आठच्या टिकलीवर टेकवलं.

"दाबा, अम्मा. भिऊ नका, बिघडत नाही. आता तुमचं सगळं यातूनच."

बोट बराच वेळ नुसतंच टेकून राहिलं. मग दाबलं गेलं.

"आई, भिऊ नकोस," पुण्याची बाई म्हणाली. "मी हरिप्रिया बोलतेय."

मुरलीने मागे वळून पाहिलं. हरिप्रिया दारातच होती, एक हात गळ्यावर.

त्याच्या डोक्यावरून आवाज आला, स्वच्छ, भरदार, लहानपणी ताल चुकला की यायचा तसाच.

"बंद कर रे ते," अलमेलुबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत तरी तिला तिच्या आवाजात बोलू दे."